आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: सुया द्या, पण नोंदवहीसकट

मा. आरोग्यमंत्री,
स. न. वि. वि.

दुखण्यांमध्येही प्रतिष्ठा असते. अर्धशिशीवाल्याला घरचे किमान अंधार तरी करून देतात. ताणाच्या डोकेदुखीवाल्याला ‘जरा कमी विचार करत जा’ एवढंच ऐकायला मिळतं. कपाळाभोवती कुणी पट्टा आवळावा तसं दोन्ही बाजूंनी दाबणारं हे दुखणं माणसाला अंथरुणाला खिळवत नाही. तो कामावर जातो, म्हणून कुणाच्या हिशेबात येत नाही. तीन महिन्यांहून अधिक काळ, महिन्यातले १५ किंवा त्याहून जास्त दिवस डोकं दुखलं की ते जुनाट समजतात. मी त्यातलाच एक.

आमच्यासारख्यांसाठी सरकारी रुग्णालयांत ॲक्युपंक्चरची, म्हणजे सुया टोचून करायच्या उपचाराची, मर्यादित सोय करा, एवढीच मागणी आहे. मर्यादा का, ते सांगतो.

कॉक्रेन ही संस्था उपचारांवरच्या चाचण्या एकत्र करून तपासते. तिच्या २०१६ च्या ताण-डोकेदुखीवरच्या आढाव्यात १२ चाचण्या आणि २३४९ रुग्ण होते. त्यातल्या दोन मोठ्या चाचण्यांत नेहमीच्या उपचारांना सुयांची जोड मिळालेल्यांपैकी ४८ टक्के लोकांची डोकेदुखी निम्म्यावर किंवा त्याहून खाली आली. जोड न मिळालेल्यांत हे प्रमाण १७ टक्के होतं. पण खऱ्या सुयांची तुलना लुटुपुटीच्या, म्हणजे नुसता उपचाराचा देखावा करणाऱ्या सुयांशी केली, तेव्हा एकीकडे निम्म्याहून किंचित जास्त आणि दुसरीकडे ४३ टक्के, एवढाच फरक उरला. फिजिओथेरपी, मसाज किंवा व्यायामापेक्षा सुया सरस असल्याचंही दिसलं नाही.

हे आकडे दाखवून आपले सल्लागार म्हणतील, ‘सगळा मनाचा खेळ.’ त्यांचं काही अंशी बरोबर आहे. शांत पडून राहणं, कुणीतरी मान-खांदे चाचपून पाहणं, बरं वाटेल ही आशा, याचा वाटा मोठा असणारच. मात्र रुग्णाच्या हातात आज लुटुपुटीची सुई नाही, गोळ्यांची पट्टी आहे. तुलना तिच्याशी व्हायला हवी. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातले १५ किंवा अधिक दिवस, आणि एकाहून जास्त औषधं असलेल्या मिश्र गोळ्या १० किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांपलीकडे चाललं की त्या गोळ्यांचीच डोकेदुखी जडू शकते. मग डोकं दुखतं म्हणून गोळी, आणि गोळीमुळे डोकं. डोकेदुखी टाळण्यासाठी रोज घ्यायची ॲमिट्रिप्टिलीन ही गोळी उपयोगी पडते, पण तोंडाला कोरड आणि दिवसभर गुंगी सगळ्यांना झेपत नाही.

इतर देशांचंही एकमत नाही. जर्मनीने २००६ मध्ये जुनाट कंबरदुखी आणि गुडघेदुखीसाठी ॲक्युपंक्चर आरोग्यविम्यात घेतलं, डोकेदुखीला वगळलं. उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१२ मध्ये जुनाट ताण-डोकेदुखीसाठी पाच ते आठ आठवड्यांत जास्तीत जास्त १० सत्रांचा विचार करावा असं सुचवलं. मला ब्रिटनचा मार्ग पटतो, कारण त्यात शेवट ठरलेला आहे. वर्षानुवर्षं सुया टोचत राहण्याची सोय कुणी मागू नये, सरकारने देऊही नये.

सुई टोचण्याआधी डॉक्टरने निदान करावं. अचानक, क्षणात शिगेला पोचलेलं दुखणं, ताप आणि ताठलेली मान, हातापायातली कमजोरी, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, असे रुग्ण सुयांच्या रांगेत दिसताच कामा नयेत. प्रत्येकाला आधी महिनाभराची नोंदवही द्या: कोणत्या दिवशी दुखलं, किती, कोणती गोळी घेतली. सत्रं चालू असतानाही ती भरू द्या. दहा सत्रांनंतर वहीत फरक नसेल, तर तिथेच थांबवून व्यायाम किंवा फिजिओथेरपीकडे पाठवा. सुया निर्जंतुक, एकदाच वापरायच्या असाव्यात आणि टोचणारा प्रशिक्षित असावा. छातीजवळ चुकीची सुई क्वचित का होईना फुप्फुसापर्यंत जाते.

एक विनंती राहिली. योजना सुरू झालीच, तर फलकावर ‘डोकेदुखी मुळापासून बरी’ असं लिहू देऊ नका. ‘काहींचे दुखण्याचे दिवस कमी होतात’ एवढं छापलं तरी आम्ही येऊ.

कळावे,
गोळ्यांना कंटाळलेला एक नागरिक