सुरत जवळ, तरी दूर

महोदय,

हस्तकलेच्या ऑनलाइन विक्रीवरील रविवारच्या अंकातील लेख पटला, पण त्यात एक अडचण राहून गेली. मी पंचवटीत गोधड्या शिवते. जुन्या नऊवारीचे थर धावदोऱ्याने जोडायला पंधरा दिवस लागतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्यांना ई-कॉमर्स संकेतस्थळांवरून माल विकता येतो, हे स्वागतार्हच. मात्र फक्त राज्यांतर्गत. म्हणजे नागपूरला गोधडी पाठवता येते, कितीतरी जवळच्या सुरतेला नाही! नोंदणी केली की विवरणपत्रे आली, सल्लागाराची फी आली. महिन्याला दोन गोधड्या विकणारीने ती कुठून भरायची? ठरावीक हस्तकला वस्तूंच्या थेट परराज्य विक्रीला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीतून सूट आहेच. तीच सूट जीएसटी परिषदेने संकेतस्थळांवरील विक्रीलाही द्यावी.

– एक वाचक, पंचवटी, नाशिक