मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या त्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या काकांना थँक्यू

बाबांचा जुना, ४८६ प्रोसेसरचा कॉम्प्युटर माळ्यावरून काढला तर चालूच होईना, मदरबोर्डवरची ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी गळून कीबोर्ड सॉकेटजवळचे ट्रॅक (बोर्डवरच्या वीज वाहणाऱ्या तांब्याच्या रेषा) हिरवे पडलेले. दोन दुकानांतून "भंगारात टाका" ऐकून आलो. या काकांनी मात्र बोर्ड व्हिनेगरने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ केला, भिंगातून बघत तुटलेले चार ट्रॅक केसाएवढ्या तारेने जोडले आणि नवा सीआर२०३२ बटण सेल (हा चार्ज करायचा नसतो) चार्ज होऊ नये म्हणून मध्ये वीज एकाच दिशेने जाऊ देणारा डायोड टाकला. वर स्वतःच्या डब्यातला जास्त वेगवान डीएक्स२-६६ प्रोसेसर काढून २५ मेगाहर्ट्झच्या एसएक्स प्रोसेसरच्या जागी बसवला, बोर्डचा वेग ठरवणारा जंपर ३३ मेगाहर्ट्झवर केला, पैसे फक्त सामानाचे घेतले!

बीप वाजला तसे म्हणाले, "आधी बाबांना फोन लाव, आवाज ऐकव त्यांना." बाबा फोनवर गप्पच झाले.

काका, तुमचं नाव विचारायचं राहिलं. खूप खूप आभार.