चाळकेवाडीच्या पठारावरच्या आजींना

ती. आजींना साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला वाचून दाखवील याची खात्री आहे. तुमच्याकडे रेंज फक्त गोठ्याच्या कोपऱ्यात येते आणि त्याचा निम्मा दिवस तिथंच उभ्यानं जातो, हे आम्ही पाहिलंय. खरं तर आभार घरी येऊन मानायचे असतात, आणि तसे येऊच. पण सॅक पाठीला लावून त्या सड्यावरून, उघड्या खडकाच्या पठारावरून, जाणारी पोरं आता पुष्कळ झालीत. तुम्ही आम्हाला जे सांगितलंत ते त्यांच्याही कानावर पडावं, म्हणून हे उघड पत्र.

साताऱ्याहून आंबोलीपर्यंत डोंगराडोंगरानं पायी जायचं, असं आम्ही दोघी मावसबहिणींनी ठरवलं होतं. साताऱ्याचा बोगदा ओलांडून सज्जनगड गाठला तोवर सगळं मजेचं होतं. दासनवमीचा उत्सव नुकताच उरकला होता, गडावर प्रसादाला बसलो, रात्री पाठ टेकायलाही जागा मिळाली. ठोसेघरचा धबधबा माघात म्हणजे कड्यावरची नुसती ओली रेघ. खरी परीक्षा वर पठारावर आल्यावर सुरू झाली. तिथला वारा फसवा आहे. तो घाम अंगावर दिसूच देत नाही, आणि घाम दिसला नाही की तहानेची आठवण होत नाही. डोक्यावर पवनचक्क्यांची पाती घुमत होती, माझं डोकं ठणकत होतं आणि सुजाण माणसाप्रमाणे मी त्याचा दोष उन्हाला देत होते.

अशात तुमचं घर लागलं. तुम्ही आम्हाला गाव विचारलं नाहीत, आडनाव विचारलं नाहीत, दोघी एकट्याच कशा हेही विचारलं नाहीत. माझ्या ओठांकडं बघून पहिला प्रश्न केलात तो असा : ‘‘सकाळधरनं लघवीला गेली हुतीस का, पोरी?’’ माझी बहीण नर्सिंगला आहे. तिनं तुम्हाला तिथल्या तिथं हात जोडले. मग ताकातली नाचणीची आंबील आली, लसूण आणि मीठ घातलेली. एक तांब्या संपला तरी तुम्ही दुसरा ओतलात, तोही घोटघोट प्यायला लावलात. गटागटा पिऊ दिलं नाहीत.

आंबीलीचे आभार आहेतच. पण वाटेत खाऊ घालणारे आम्हाला जागोजाग भेटले, या मुलखात त्याची वानवा नाही. धीर देणारेही भेटले. आपल्याकडं डोंगरात कुणालाही अंतर विचारा, ‘‘हे काय हितंच, अर्ध्या तासात पोचशीला’’ हे उत्तर ठरलेलं. प्रेमानंच सांगतात बिचारे, पण त्या अर्ध्या तासानं माणसाचा जीव जातो. तुम्हाला आम्ही पाटणच्या वाटेचं विचारलं, तर तुम्ही उलट विचारलंत, ‘‘मोकळं जायाचं का ह्ये वझं घिऊन?’’ आणि माझी सॅक एका हातानं उचलून बघून म्हणालात, ‘‘मग आज न्हाई हुयाचं. आज ऱ्हावा.’’ हा रोखठोक हिशेब आम्हाला तोवर कुणी दिला नव्हता, मोबाईलच्या नकाशानंही नाही.

तुमच्या गळ्यातल्या माळेकडं माझं लक्ष उशिरा गेलं. लोणंदला माउलींच्या पालखीत मिळायचं आणि तरडगाव, फलटण, बरड करत पंढरपूर गाठायचं, हे तुम्ही वर्षानुवर्षं करत आलात. आम्ही महिनाभर व्हिडिओ बघून जे गोळा केलं होतं, ते तुम्ही चुलीपुढं बसून दोन वाक्यांत मोडीत काढलंत : ‘‘पालखीला इसावा असतूय. द्येव थांबतूय, मग तुमी कोन लागून गेलासा?’’

संध्याकाळी आमचे पाय बघितलेत. बहिणीच्या टाचेवर रुपयाएवढा फोड होता. तुम्ही सुई दिव्यावर धरलीत, दोरा ओवलात आणि वारीतल्यासारखा तो फोडातून आरपार काढून तसाच ठेवायला निघालात. इथं मात्र तुमची आणि तिची जुंपली. तिचं म्हणणं, दोरा आत राहिला की त्यावरूनच जंतू शिरतात. शेवटी तह झाला : सुई तुमची, स्पिरिट तिचं, पाणी निघालं की दोरा बाहेर. वरचं कातडं सोलायचं नाही, यावर मात्र दोघींचं एकमत. वाटेवर कातड्यावर पट्टी आणि त्यावर सुती मोजा, एवढ्यावर ती टाच पुढं आंबोलीपर्यंत आली.

सकाळी तुम्ही आम्हाला झऱ्यावर नेलंत. पठाराच्या माथ्यावर नव्हे, कड्याच्या खाली. ‘‘सड्यावर पानी ठरत न्हाई,’’ म्हणालात. बरोबरच आहे. वरचा जांभा दगड सच्छिद्र, पावसाचं पाणी त्यातून झिरपत खाली जातं, काळ्या पाषाणाच्या अलीकडं चिकणमातीचा थर लागला की अडतं आणि उतारावर कुठंतरी बाहेर येतं. तुम्ही हे असं सांगितलं नाहीत. तुम्ही बोट दाखवलंत : वाळलेल्या गवतात एकच हिरवागार उंबर, आणि त्याच्याकडं तिरकी उतरलेली गुरांची पायवाट. उंबराच्या मुळाशी खडकाला हात लावला तर गार ओल होती, आणि वीतभर खाली हंडा लावायला दगड रचलेले. हंडा भरायला किती वेळ लागतो, तेही तुम्ही उभं राहून दाखवलंत. बराच लागतो. सुना-लेकींचा निम्मा दिवस तिथं जातो हे बघितल्यावर आम्ही बाटल्या भरल्या, पण तोंड धुतलं नाही. निघताना दोन ताकिदी दिल्यात : तिन्हीसांजेला झऱ्यावर जायचं नाही, गवे येतात, आणि गवतात स्टोव्ह पेटवायचा नाही, एका ठिणगीनं सगळा डोंगर जातो.

पुढचं थोडक्यात सांगते. केरा जिथं कोयनेला मिळते त्या पाटणला आम्ही धडधाकट उतरलो. पुढं ढेबेवाडीच्या बाजूनं गेलो, कारण चांदोलीच्या आतून, व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातून, असं मनात आलं म्हणून चालत जाता येत नाही आणि ते योग्यच आहे. पहाटे चांदणी असताना निघायचं, ऊन चढलं की देवळात किंवा आंब्याखाली इसावा, उन्हं कलली की पुन्हा पाय उचलायचे, हा तुमचा नेम शेवटपर्यंत पाळला. शिराळ्याच्या हद्दीत गुढे-पाचगणीच्या पठारावर गेलो, तर तिथंही पवनचक्क्या, तोच जांभा, तसाच कोरडा सडा. बहिणीनं कड्याच्या काठानं जाऊन खाली नजर टाकली आणि ओरडली, ‘‘उंबर!’’ पाणी होतं. करंगळीएवढी धार, पण होतं.

आता एक मागणं. तुमच्या दिंडीत यंदा दोघींना जागा होईल का, ते नातवाकडून कळवा. लोणंदला येऊन मिळू. आमचं वझं आम्हीच वाहू, आणि यावेळी ते तुम्ही एका हातानं उचलून पास केल्याशिवाय पाठीला लावणार नाही. सुई-दोरा तुमच्याकडं असेलच, स्पिरिट माझी बहीण आणते.

तुमच्या,
आंबील पिऊन गेलेल्या दोघी