विषय: वीज गेल्यावर वापरायच्या तुमच्या बॅकअप किटवर घर गरम करणारी फर्नेस पेटत नाही, आणि का पेटत नाही हे तुम्हाला मी सांगायचं?

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख
(आणि शक्य असेल तर, ज्यांनी हे किट आखलं ते गृहस्थ)

तक्रार क्रमांक तुमच्याकडे आहे. एक नाही, चार आहेत. दर फोनला नवा क्रमांक द्यायचा आणि जुनी तक्रार 'निकाली' म्हणून बंद करायची, ही तुमची पद्धत. पत्र मराठीत लिहितोय, कारण मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात तुमच्या स्टॉलवर 'आपल्या माणसांसाठी, हिवाळ्यात उबदार घर' असा मराठी बोर्ड होता, माहितीपत्रक मराठीत होतं आणि तुमचं कॉल सेंटर पुण्यात आहे. त्यामुळे भाषेची अडचण सांगू नका.

किट: २०४८ वॉट-तासांचं लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचं युनिट, २००० वॉटचा इन्व्हर्टर, फर्नेस मेनच्या विजेवरून युनिटवर नेणारा १५ अँपिअरचा ट्रान्सफर स्विच आणि जोडणीची केबल. घर मध्य मॅसॅच्युसेट्समध्ये, वूस्टरच्या पूर्वेला. तळघरात गॅसवर चालणारी ताशी ८०,००० बीटीयू (उष्णतेचं एकक) क्षमतेची कंडेन्सिंग फर्नेस. याच भागात डिसेंबर २००८ मध्ये गोठणाऱ्या पावसाने झाडं आणि तारा कोसळल्या, आणि काही ठिकाणी वीज यायला दोन आठवडे लागले. तुमच्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर त्याच वादळाचा दाखला आहे. म्हणजे इथे काय होतं हे तुम्हाला ठाऊक आहे.

दोष असा. युनिटवर टाकल्यावर फर्नेस सुरू होते, इंड्यूसर (धूर बाहेर ओढणारा पंखा) फिरतो, गॅस पेटवणारा इग्नायटर लाल होतो, बर्नर पेटतात, आणि पाच-सहा सेकंदांत गॅस बंद. पुन्हा तेच. तीन-चार प्रयत्नांनंतर फर्नेसचा कंट्रोल बोर्ड लॉकआउटमध्ये जातो, म्हणजे पेटवायचं सोडून तासभर गप्प बसतो. मेनच्या विजेवर हीच फर्नेस निमूटपणे चालते. तुमच्या युनिटवर फ्रीज चालतो, राउटर चालतो, दिवे चालतात. यावरून तुमच्या लोकांनी निष्कर्ष काढला: युनिट उत्तम, फर्नेस बिघडलेली, टेक्निशियन बोलवा.

बोलावला. १८९ डॉलर घेतले त्याने. पण त्याने काम केलं, तुमच्यासारखा अंदाज नाही बांधला. फ्लेम सेन्सरच्या, म्हणजे ज्योत आहे की नाही हे ओळखणाऱ्या सळईच्या, तारेत मीटर जोडून प्रवाह मोजला. मेनच्या विजेवर ३.१ मायक्रोअँपिअर, तुमच्या युनिटवर ०.२. सेन्सर तोच, ज्योत तीच, गॅसचा दाबही तोच.

याचं कारण तुमच्या डिझाइनरला पाठ असायला हवं, तरी लिहितो. ज्योतीतून वीज एका दिशेला जास्त जाते. बोर्ड सेन्सरच्या सळईवर व्होल्टेज सोडतो, ज्योतीतून काही मायक्रोअँपिअर बर्नरच्या लोखंडात उतरतात, तिथून अर्थिंगमध्ये, आणि अर्थिंग व न्यूट्रल जिथे एकमेकांना बांधलेले ('बाँडेड') असतात तिथून परत बोर्डाकडे. घरात ही गाठ मेन पॅनेलमध्ये असते. तुमच्या युनिटमध्ये ती नाही, न्यूट्रल मोकळा, म्हणजे 'फ्लोटिंग', आहे. प्रवाहाला परतीची वाटच नाही, म्हणून समोर ज्योत धडधडत असताना बोर्ड म्हणतो, ज्योत नाही, आणि गॅस बंद करतो. बोर्डाचं काहीही चुकत नाही. न पेटलेला गॅस घरात सोडू नये म्हणूनच तो तिथे बसवलेला असतो.

इथवर नुसतं दुर्लक्ष म्हणता आलं असतं. पण तुमचा ट्रान्सफर स्विच फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो. फक्त फेज बदलणारा स्विच दिला असता तर न्यूट्रल पॅनेलमध्ये बांधलेलाच राहिला असता आणि ही भानगड झालीच नसती. न्यूट्रलही तोडणारा स्विच द्यायचा असेल तर मग वीज देणाऱ्या युनिटमध्येच न्यूट्रल अर्थिंगला बांधलेला हवा. हे कोणताही परवानाधारक इलेक्ट्रिशियन सांगेल. तुम्ही दोन्हीतलं चुकीचं तेवढं निवडून एका खोक्यात भरलं, आणि वर 'फर्नेस-रेडी' असा स्टिकर लावला.

उपायही मला कळलेला आहे. बाँडिंग प्लग: ज्यात फेजची पिन कुठेच जोडलेली नसते आणि न्यूट्रल व अर्थिंगच्या पिना आतून एका तारेने बांधलेल्या असतात. तो युनिटच्या रिकाम्या सॉकेटमध्ये घातला की गाठ पडते. टेक्निशियनने स्वतःकडचा पाच मिनिटं लावून दाखवला. ३.० मायक्रोअँपिअर, फर्नेस सुरळीत. मग काढून घेतला, कारण त्याने विचारलेल्या दोन प्रश्नांची उत्तरं फक्त तुम्ही देऊ शकता. युनिटच्या आत जीएफसीआय (अर्थिंगकडे गळणारा प्रवाह ओळखून वीज तोडणारं) संरक्षण कुठे आहे, म्हणजे भर वादळात ते प्लगमुळे ट्रिप होईल का? आणि प्लग लावल्याने वॉरंटी जाते का? तिसरी गोष्ट मी तुम्हाला सांगतो: हे युनिट पुढे कुणी पॅनेलला अशा रीतीने जोडलं की घरचा न्यूट्रल जोडलेलाच राहतो, तर प्लग काढावाच लागतो. नाहीतर दोन गाठी होतात आणि परतीचा प्रवाह अर्थिंगच्या तारेतून वाहू लागतो. यातलं एक अक्षर तुमच्या ६४ पानी पुस्तिकेत नाही. युनिटवर गाडीचं कव्हर घालू नका, एवढं मात्र तीन वेळा आहे.

आता चौथा फोन. एकूण ४७ मिनिटं, त्यातली ३१ होल्डवरची सनई. बाहेर उणे १५ सेल्सिअस. मी एकच प्रश्न विचारला: "युनिटचा न्यूट्रल बाँडेड आहे की फ्लोटिंग?"

"सर, फ्लोटिंग म्हणजे?"

सांगितलं. सावकाश सांगितलं. "एक मिनिट होल्ड करता का सर?" अकरा मिनिटं सनई. मग:

"सर, चेक केलं. युनिट वॉटरप्रूफ नाहीये, त्यामुळे प्लीज ते फ्लोट करू नका. बेसमेंटमध्ये पाणी आलंय का सर?"

मी म्हटलं, पाणी नाही, न्यूट्रल. इन्व्हर्टरचा न्यूट्रल.

"हो सर, पण पाण्याने झालेलं डॅमेज वॉरंटीत कव्हर होत नाही, एवढं फक्त नोट करून ठेवतो."

नोट केलं! माझ्या तक्रारीवर आता 'पाणी' असा शेरा आहे, आणि उद्या खरोखर काही बिघडलं की तो तुम्ही पुढे करणार, याची मला खात्री आहे. वरिष्ठांना द्या म्हटलं. वरिष्ठ आले, मराठी ऐकून एकदम घरगुती झाले: "काका, एवढी थंडी आहे तर फर्नेसच्या मागे कशाला लागता? आपला रूम हीटर घ्या ना. कॉम्बोमध्ये वीस टक्के ऑफ आहे."

काका त्यांना हिशेब सांगतात. २०४८ वॉट-तासांतले रूपांतराचा तोटा जाऊन हातात येतात साधारण १७४०. हीटर १५०० वॉटचा. ७० मिनिटांत तुमचं युनिट रिकामं, आणि तेवढ्या वेळात उबदार झाली एक खोली. फर्नेसला मात्र वीज लागते ती पंखा, इंड्यूसर आणि बोर्डासाठी, सगळी मिळून ६३० वॉट. त्या विजेवर गॅसमधून २२ किलोवॉट उष्णता घरभर फिरते. बॅटरीवर फर्नेस चालवण्यामागचं सगळं गणित हे एवढंच आहे. ते ज्या कंपनीच्या वरिष्ठाला माहीत नाही ती कंपनी फर्नेससाठी बॅटरी विकते. पुण्यात दिवे गेले की पंखा आणि दोन ट्यूबलाइट चालवणारा इन्व्हर्टर डोळ्यांसमोर ठेवून ही मंडळी बोलत होती. त्या पोराला मी दोष देत नाही. त्याच्यासमोरच्या पानावर फ्लोटिंगखाली पाणीच लिहिलेलं असेल, तर तो काय करणार? पान लिहिणाऱ्याला मात्र एकदा भेटायचं आहे.

फोन ठेवल्यावर दोन मिनिटांत संदेश आला: तक्रार निकाली, ग्राहक समाधानी, कृपया पाचपैकी तारे द्या.

आता तुमच्या 'फर्नेस २० तास' या दाव्याकडे वळतो. तो आकडा २०४८ ला १०० ने भागून काढलेला दिसतो. सरासरी १०० वॉटवर चालणारी फर्नेस जानेवारीत इथे मला दाखवाच. उणे १५ ला माझी फर्नेस तासातली साधारण ३६ मिनिटं चालते, म्हणजे ६३० च्या ६० टक्के, ३७८ वॉट. त्यात तुमच्या इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च आणि बोर्डाचा स्टँडबाय मिळवा, ४२० धरा. १७४० भागिले ४२०, चार तास. ब्लोअरची, म्हणजे घरात गरम हवा फिरवणाऱ्या पंख्याची, मोटर ईसीएम (कमी वीज खाणारी नवी जात) असती तर जास्त मिळाले असते. जुन्या पीएससी मोटरला तेवढेच. हे तुमच्या विक्रेत्याने विचारायला हवं होतं: मोटर कोणती? त्याने विचारलं, ईएमआय हवा का?

चार तासांचं मला वाईट वाटलेलं नाही. चार तास धरून योजना करता येते: थर्मोस्टॅट १३ सेल्सिअसवर आणायचा, दिवसातून दोनदा छोट्या जनरेटरवर बॅटरी भरायची. पण तुमचं युनिट मूळ सेटिंगवर चार्जिंगला १५०० वॉट ओढतं आणि २००० वॉटचा बहुतेक छोटा जनरेटर सलग १६०० देतो. फ्रीज सुरू झाला की जनरेटर बसला. चार्जिंग ८०० वर आणता येतं, पण ते ॲपमधून, आणि ॲपला इंटरनेट लागतं. वीज गेल्यावर!

आणि पुस्तिकेच्या १२ व्या पानावर 'युनिट गॅरेजमध्ये ठेवावे' असं छापलंय ते काढा. या रसायनाच्या बॅटरीला शून्य सेल्सिअसखाली चार्ज करता येत नाही, आत लिथियमचा थर बसून ती कायमची खराब होते, म्हणून तुमचंच बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) तिथे चार्जिंग अडवतं. इथलं गॅरेज जानेवारीत शून्याखालीच असतं. म्हणजे तुमचं ऐकणाऱ्या ग्राहकाकडे वीज जाऊन चार तास झाले की एक जड, गार पेटी उरते. अशा वेळी घाबरलेला माणूस जनरेटर घरात ओढेल, आणि कार्बन मोनॉक्साइडने माणसं अशीच मरतात. पुस्तिकेतलं एक वाक्य किती महागात पडू शकतं, बघा.

मला हवंय ते असं. न्यूट्रल फ्लोटिंग आहे की बाँडेड, जीएफसीआय कुठे आहे आणि बाँडिंग प्लगने वॉरंटी जाते का, याचं लेखी उत्तर. लेखी, फोनवर नाही. फक्त फेज बदलणारा स्विच, किंवा तुमच्याच नावाचा प्लग, विनामूल्य. टेक्निशियनचे १८९ डॉलर. तक्रारीवरचा 'पाणी' हा शेरा काढल्याची नोंद. '२० तास' आणि 'फर्नेस-रेडी' हे शब्द तुमच्या माहितीपत्रकातून काढून टाका. हे जमत नसेल तर किट परत न्या आणि पूर्ण पैसे द्या, १५ टक्के 'रिस्टॉकिंग' (माल परत घेण्याचं शुल्क) न कापता.

उत्तर दहा दिवसांत यावं. नाही आलं तर पुढचं पत्र इंग्रजीत असेल आणि ते मॅसॅच्युसेट्सच्या ९३ए या ग्राहक संरक्षण कायद्याखालचं मागणीपत्र असेल. त्याला तीस दिवस मिळतात, आणि फसवणूक जाणूनबुजून केल्याचं ठरलं तर भरपाई दुप्पट ते तिप्पट, वकिलाच्या खर्चासकट. जाणूनबुजून होतं की नव्हतं, हे चौथ्या फोनचं रेकॉर्डिंग ऐकून ठरवा. 'कॉल प्रशिक्षणासाठी रेकॉर्ड होतो' असं तुम्हीच सांगता. प्रशिक्षण तरी द्या त्यावर.

तुमचा नाइलाजाचा ग्राहक

ता. क. तळघरात तरंगणारी एक वस्तू खरंच आहे: कंडेन्सेट पंपातला फ्लोट. कंडेन्सिंग फर्नेसचं पाणी बाहेर टाकणारा हा छोटा पंप वेगळ्या सॉकेटवर असतो. फर्नेस बॅकअपवर आणि पंप मेनवर राहिला तर टाकी भरते, फ्लोट वर येतो आणि त्याचा स्विच फर्नेस बंद करतो. तुमच्या जोडणीच्या यादीत पंप नाही. घाला.