रिपोर्टबद्दल थोडं

चि. जयूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू नुसतं 'हं, हं' करत होतीस, म्हणून लिहायला बसले.

तुझ्या रिपोर्टमध्ये जे एमआरकेएच लिहिलंय, ते म्हणजे आईच्या पोटात असतानाच, पहिल्या काही आठवड्यांत, गर्भाशय आणि योनीचा वरचा भाग घडायचा राहून जातो. साधारण 5000 मुलींत एकीला असं असतं. तुझे बीजांडकोष दोन्ही व्यवस्थित आहेत, म्हणून बाकी सगळं वेळेवर झालं, पाळी तेवढी आली नाही. पाळी 'आणायच्या' गोळ्या लिहून देणाऱ्यांनी आधी एक सोनोग्राफी सांगितली असती तर! असो.

मला काळजी वेगळीच आहे. तुझी डावी किडनी जन्मतःच नाही. किडन्या आणि गर्भाशय पोटात जवळजवळच घडतात, त्यामुळे अशा मुलींमध्ये हे बरेचदा दिसतं. डोकं दुखलं की तू पर्समधली गोळी टाकतेस ना, ते आता बंद. पेनकिलर विचारल्याशिवाय नाही. वर्षातून एकदा बीपी, लघवी आणि क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते सांगणारी रक्ताची तपासणी) बघायचं. नवीन डॉक्टरला पहिल्यांदा किडनीचं सांगायचं, मग बाकीचं.

योनिमार्ग डायलेटरने, म्हणजे त्यासाठीच्या गुळगुळीत नळीसारख्या साधनाने, हळूहळू वाढवता येतो, बहुतेकींना ऑपरेशन लागत नाही. 'लग्न ठरलं की उरकून टाकू' असं एकांनी सुचवलं, मी सरळ उठून आले. तुला वाटेल तेव्हा, तुझ्यासाठी. घाई कसली?

मुलाचं म्हणशील तर बीजं तुझीच आहेत. लग्नानंतर सरोगसीचा, म्हणजे दुसऱ्या बाईच्या पोटात आपलं मूल वाढवण्याचा, मार्ग 2021 च्या कायद्यात आहे, पण पैसे देऊन कूस घेता येत नाही. पुण्यात 2017 साली भारतातलं पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण झालं, आईनंच लेकीला दिलं होतं. माझं घे म्हणायला मला एक क्षण लागणार नाही, पण दोघींचं मोठं ऑपरेशन आणि ते गर्भाशय असेपर्यंत तुला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, हे गंमतीचं काम नव्हे. मूल हवंच असंही काही नाही.

आत्या परवा अंबाबाईच्या देवळात भेटल्या. 'पोरीचं झालं का गं सुरू?' म्हणाल्या. मी म्हटलं, तिची परीक्षा सुरू आहे. पप्पांना माहीत आहे, आणखी कुणाला नाही. कुणाला सांगायचं ते तू ठरव. ज्याच्याशी लग्न करशील त्याला मात्र आधी सांग, हवं तर मी शेजारी बसेन.

रिपोर्टची फाईल कपाटात तुझ्या कप्प्यात ठेवलीय. दिवाळीला आलीस की किडनीच्या डॉक्टरांकडे जाऊ, नंबर लावून ठेवते.

तुझी,
आई