लोणारच्या तळ्याला गोड पाणी सोसत नाही

प्रिय सोनू,

काल मामाने विचारलं की तळ्यांचा अभ्यास करून पाणीपुरवठ्यात नोकरी लागते का, आणि तू म्हणे गप्प बसलीस. अगं लोणारचं नाव घ्यायचं ना! २०२०च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा ह्याच मामाने फॅमिली ग्रुपवर प्रलयाचे मेसेज टाकून डोकं उठवलं होतं. पाऊस कमी, ऊन कडक, पाणी आटलं, खार वाढला आणि खारातच जगणारे सूक्ष्मजीव माजले, एवढीच गोष्ट. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत ते पाणी नुसतं ठेवलं तर गुलाबी सगळं तळाशी बसलं न वर नितळ पाणी राहिलं, म्हणजे रंग पाण्याचा नव्हताच.

पण तू प्रोजेक्टसाठी तिथून फक्त शेवाळाचे सँपल घेणार म्हणतेस ते मला काही पटलं नाही. बघ, उल्का पडून काळ्या पाषाणात एवढा सुमारे १.८ किलोमीटरचा खड्डा झाला, त्यात पाणी येतं पण वाहून जायला वाट नाही, उन्हाने उडतं तेवढंच, मागे खार राहतो, म्हणून पीएच दहाच्या आसपास, म्हणजे पाणी चांगलंच अल्कधर्मी, आणि त्यात स्पिरुलिना नावाचं शेवाळ मजेत वाढतं, ज्याने एरवी पाणी हिरवंगार दिसतं. पूर्वी लोक तिथून पापडखार काढायचे. आता ह्याच खड्ड्याच्या कडेला धार नावाच्या झऱ्याचं गोड पाणी अखंड पडतंय, आणखी झरे आहेत, वर गाव आहे, गावाचं सांडपाणी आहे, शेतं आहेत, बोअर आहेत. बाकी महाराष्ट्रात तळं भरलं की आपण ओटी भरतो, इथे गोडं पाणी जास्त झालं की खार पातळ होतो आणि त्या खाराच्या जिवावर जगणाऱ्यांची पंचाईत! मग शेवाळ कमी दिसलं तर तू एकटी मायक्रोस्कोपमधून काय सांगणार? पाणी कुठल्या भेगेतून येतं ते भूगर्भवाल्याला विचार, वर कुठलं पीक घेतात न खत किती टाकतात ते शेतकऱ्याला, आणि तळ्याकाठच्या कमळजादेवीच्या देवळात पाणी कुठल्या साली कुठवर आलं ते पुजाऱ्याला आणि गावातल्या म्हाताऱ्यांना, त्यांना तोंडपाठ असतं. सगळं तारखेसकट लिहून घे. २०२० मध्ये रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत नाव लागलं हे चांगलंच झालं पण नुसत्या बोर्डाने काय होतंय.

तुझ्या गाईडना हे जास्तीचं काम वाटलं तर वाटू दे, गोडीगुलाबीने सांग, भांडू नकोस.

आणि खाली उतरताना चपला नको, बूट घाल, काठाचा गाळ पाय धरतो आणि वास तर विचारूच नको. सँपलच्या बाटल्यांवर आधीच पेनने नाव-तारीख टाक, ओल्या हाताने नंतर काही लिहिता येत नाही. हजार रुपये जीपेने टाकलेत, जीपवाल्याशी भाडं आधी ठरव.

तुझी,
आई