वरच्या मजल्यावरच्या काकूंना, जाहीरपणे

ती. स्व. काकूंना सा. न. वि. वि.

हे पत्र जिना चढून हातात देता आलं असतं. पण तुमच्या मतांचा फायदा आपल्या अख्ख्या भिशीनं घेतला आणि आभार मात्र एकीनंही मानले नाहीत, म्हणून चारचौघांत लिहितेय. नाव घातलेलं नाही, रागावू नका. सुदामा नगरात ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

मी मालिकांची भक्त, हे तुम्हाला काय सांगायचं! इंदूरच्या घरात टीव्हीवर मराठी ऐकू यायचं ते रविवारी दुपारी दूरदर्शनच्या प्रादेशिक चित्रपटात मराठीची पाळी आली तर. १९९९ मध्ये अल्फा मराठी सुरू झालं, 'आभाळमाया' आली, आणि आपल्या भाषेत रडणारी-भांडणारी माणसं घरात रोज दिसायला लागली. त्यामुळे मालिकांना कुणी नावं ठेवली की माझ्या जिव्हारी लागायचं.

पेपरात टीव्हीवर लिहिणाऱ्यांवर तर माझा खास राग. मुंबई-पुण्याहून आलेल्या पाहुण्यांच्या पिशवीतला पेपर मी आधी त्या पानावर उघडायची आणि मग दिवसभर धुसफुसायची. 'सासू-सुनांचा रतीब', 'पाणी घालून वाढवलेली कथा'... मालिकेचं नाव तेवढं बदलायचं, बाकी मजकूर तोच. असंच एक कात्रण घेऊन तणतणत तुमच्याकडे आले होते. तुम्ही चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलंत आणि म्हणालात, "लिहिलंय ते खोटं नाही गं. पण हा माणूस पहिल्या आठवड्यातच उठून गेलाय."

मला नेमका कशाचा राग येतो ते तेव्हा कळलं. सिनेमा अडीच तासांत संपतो, मग त्यावर लिहिता येतं. 'चार दिवस सासूचे' २००१ ला सुरू झाली ती २०१३ पर्यंत चालली, ३,००० च्या वर भाग झाले. एवढ्या काळात घराघरातल्या सुना सासवा झाल्या. त्यातल्या कुठल्या आठवड्याचं परीक्षण लिहिणार?

सगळेच तसे नसतात, हेही तुमच्याकडेच कळलं. आपलं शिक्षण हिंदीतून, त्यामुळे तुमच्या कपाटात 'जनसत्ता' या हिंदी पेपरात टीव्हीवर लिहिणाऱ्या सुधीश पचौरींच्या लेखांची कात्रणं निघाली. हा माणूस खरोखर टीव्हीसमोर बसतो हे वाचताना जाणवतं. टोले हाणतात, पण बघून हाणतात.

तुमची बघायची रीत मात्र तुमचीच. बोलायचं ते जाहिरातीत, सीन चालू असताना तोंड बंद. त्यात तुम्ही नामावली वाचता! मी तेवढ्या वेळात चहा टाकायला उठायची. कथाविस्तार एकाचा, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि तिघांची कामं वेगळी, हे कुणाला ठाऊक होतं? एकदा म्हणालात, "या आजी कालपासून पुस्तकी बोलायला लागल्यात. संवादांचा माणूस बदलला असणार." दुसऱ्या दिवशी आपण दोघी पडद्याला नाक लावून बसलो. बदलला होता!

मग मलाही दिसायला लागलं. एखादं पात्र तडकाफडकी गावाला गेलं, की नटाला सुट्टी हवी असणार. एकच बातमी ऐकून कॅमेरा घरातल्या सगळ्यांच्या तोंडावरून फिरला आणि वर ढॅण-ढॅण वाजलं, की आज लिहिलेलं कमी पडलंय. आणि ती स्वयंपाकघरं! भाजी चिरतात, पण देठं-सालं कुठेच नाहीत. ताटं वाढली जातात आणि पहिला घास उचलायच्या आत कुणीतरी रागावून उठतं. त्या घरात वर्षानुवर्षं कुणी पोटभर जेवलेलं नाही. तुम्ही हे सगळं हसत दाखवता, पण त्याच भागात एखादीनं हातातल्या घड्या न थांबवता संवाद म्हटला तर पहिली 'वा!' तुमचीच. पोह्यांवरच्या जिरावण मसाल्यासारखी तुमची टीका, चिमूटभरच, पण तिच्याशिवाय आता मालिका अळणी लागते.

त्या जाहिरातींच्या वेळात सासूबाई आणि मी जेवढं बोललो तेवढं आधी कधी बोललो नव्हतो. याचे आभार वेगळे.

आपल्या ग्रुपवरच्या टीकाकारांबद्दल काय लिहू! खलनायिकेचं काम करणाऱ्या बाईलाच शिव्याशाप देतात, 'बंद करा हे' म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर. तुम्ही त्यांनाही एकच विचारता, "कुठल्या सीनला राग आला?" निम्म्यांना सांगता येत नाही. ज्यांना येतं, त्यांच्याशी तुम्ही तासभर बोलता.

टीआरपीचा उलगडाही तुम्हीच केलात. कोण काय बघतं ते मोजणारी बार्क ही संस्था निवडक घरांत मीटर बसवते, घरातल्या प्रत्येकाचं बटण वेगळं, आणि त्यावरून सगळ्यांचा अंदाज. मराठी वाहिन्यांचे जे आकडे छापून येतात ते महाराष्ट्र-गोव्याचे. म्हणजे इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्यातले आपण त्यात धरलेलोच नाही. मी हिरमुसले, तुम्ही खूष! "आपल्याला कुणी मोजत नाही ना? मग आपण कशाला कुणाची मर्जी राखायची?"

फेब्रुवारी २०१९ मध्ये ट्राय या सरकारी नियामक संस्थेचे केबलसाठीचे नवे नियम लागू झाले, वाहिन्या आपापल्या निवडायच्या ठरल्या, आणि आपल्या केबलवाल्याच्या तयार पॅकमध्ये मराठी शोधून सापडेना. तेव्हा गुडघे दुखत असताना जिने चढून घरोघरच्या याद्या भरून घेतल्यात तुम्ही. ज्या मालिकांना नावं ठेवता, त्या आम्हाला दिसाव्यात म्हणून!

भांडलोही आपण. 'आई कुठे काय करते'वरून तर फारच. तुमचं म्हणणं, अरुंधती आणि अनिरुद्धचा घटस्फोट झाला तिथे गोष्ट संपली. पुढे नुसतं ओढणं. माझं म्हणणं, खरी गोष्ट तिथूनच सुरू होते, संसारात पंचवीस वर्षं घातलेली बाई गाण्याकडे वळते ते बघायलाच तर आम्ही बसायचो. तुम्ही मान्य केलं नाहीत. पण ते भाग पुन्हा बघितलेत आणि आठवड्यानं म्हणालात, "गाण्याचे प्रसंग बरे आहेत. बाकी माझं मत तेच." पेपरातल्या कुणी माझ्यासाठी एवढं केलं असतं का?

सानंद या आपल्या इंदूरच्या मराठी संस्थेच्या नाटकाला खंडवा रोडच्या सभागृहात गेलो होतो, तेही सांगून टाकते. तिथल्या प्रेक्षकांच्या एका गटाला रामूभैया दात्यांचं नाव आहे. त्यांची ख्याती गाण्याचा जाणकार श्रोता म्हणून. त्या नावाला शोभेल असं तुम्ही वागलात. प्रयोगानंतर सगळ्या जणी मालिकेतल्या त्या अभिनेत्रीबरोबर फोटो काढायला धावल्या. तुमची पाळी आली तेव्हा तुम्ही तिला म्हणालात, "इथे तुम्ही डोळ्यांतून पाणी न काढता रडलात. तिकडे का नाही करू देत?" ती आधी दचकली, मग तुमचा हात धरून बराच वेळ बोलत उभी राहिली. आमचे फोटो राहिले ते राहिलेच!

तर काकू, मनापासून आभार. आणि हो, त्या नव्या मालिकेबद्दल तुम्ही परवा जे बोललात ते मला अजिबात पटलेलं नाही. मी मुद्दे कागदावर काढून ठेवलेत. गुरुवारी भिशीनंतर वर येते, सासूबाईही येणार आहेत. त्या माझ्या बाजूला आहेत.

तुमची,
खालच्या मजल्यावरची सून